सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो : एका पॉटचे दोन वाटे

घटकाची उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी जमतील :
• सात पानांतून 'हाय' आणि 'लो' असे दोन्ही हात ओळखणे.
• डाव पहिल्या वाटपापासून शेवटच्या वाटणीपर्यंत नियमाने खेळणे.
• पूर्ण पॉट, अर्धा पॉट आणि पाव पॉट यांतून होणारा खरा नफा-तोटा काढणे.
• सुरुवातीच्या तीन पानांवरून लो होण्याची संभाव्यता मोजणे आणि खेळायचे की पॅक करायचे हे ठरवणे.

१. प्रस्तावना

तीन पत्ती आपल्यापैकी बहुतेकांनी दिवाळीत कधीतरी पाहिलेली असते. तिच्यात ज्याची पाने सर्वांत मोठी, त्याला सगळा पॉट मिळतो. पोकरच्या कुळात मात्र असेही काही खेळ आहेत, ज्यांत पॉटचे दोन वाटे होतात : एक वाटा सर्वांत मोठ्या हाताला आणि दुसरा सर्वांत लहान हाताला. या घटकात आपण त्यांपैकी एक खेळ पाहणार आहोत. त्याचे पूर्ण नाव 'सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो, एट ऑर बेटर' असे आहे. खेळणारे त्याला थोडक्यात 'स्टड एट' म्हणतात.

ज्या पोकरमध्ये प्रत्येकाची काही पाने उघडी आणि काही झाकलेली असतात, त्याला स्टड म्हणतात. हा प्रकार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. टेक्सास होल्डेमने मुसंडी मारण्यापूर्वी अमेरिकेतल्या पत्त्यांच्या क्लबांत सात पानांचा स्टड हाच नेहमीचा खेळ होता. 'हॉर्स' या पाच खेळांच्या मिश्र स्पर्धेत स्टड एट आजही खेळला जातो. 'हॉर्स' हे नाव पाच खेळांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे असून त्यातले शेवटचे अक्षर याच खेळाचे आहे. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली ५०,००० डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि ती चिप रीज यांनी जिंकली.

पॉट वाटला जातो, म्हणजे हरण्याची भीती निम्मी झाली, असे नवख्या खेळाडूला वाटते. 'वरचा नाही तर खालचा वाटा तरी मिळेल' या आशेने तो प्रत्येक डावात शेवटपर्यंत बसतो आणि हळूहळू रिकामा होतो. असे का होते, हे समजणे हाच या घटकाचा गाभा आहे. उत्तर थोडक्यात असे : अर्धा पॉट म्हणजे अर्धा नफा नव्हे. नियम आधी पाहू, मग या विधानाची गणिताने तपासणी करू.

२. साहित्य आणि शब्द

जोकर काढलेला ५२ पानांचा एक कॅट आणि दोन ते आठ खेळाडू पुरतात. सरावासाठी पैशांऐवजी चिंचोके, कवड्या किंवा काड्यापेटीतल्या काड्या घ्याव्यात. पुढील सर्व उदाहरणे चिंचोक्यांत दिली आहेत.

काही शब्द आधी पक्के करू :
• हात : शेवटी मोजली जाणारी पाच पाने. प्रत्येकाला सात पाने मिळतात. त्यांतली पाच निवडायची असतात.
• अँटी : पाने वाटण्यापूर्वी प्रत्येकाने पॉटमध्ये टाकायचा ठरावीक वाटा. तीन पत्तीतल्या 'बूट'सारखाच.
• कॉल : समोरच्याने लावलेल्या पैजेची बरोबरी करणे.
• चेक : कोणी पैज लावलेली नसताना काहीही न लावता पाळी पुढे देणे.
• पॅक : पाने टाकून डावातून बाहेर पडणे. आधी घातलेले परत मिळत नाही.
• स्कूप : हाय आणि लो दोन्ही जिंकून सगळा पॉट एकट्याने घेणे.

३. हाय हात

मोठ्यापासून लहानाकडे क्रम असा आहे : एकाच रंगाचा क्रम (स्ट्रेट फ्लश), चार सारखी पाने, फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी, फ्लश म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, स्ट्रेट म्हणजे कोणत्याही रंगांच्या पाच पानांचा क्रम, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसते मोठे पान.

तीन पत्ती खेळणाऱ्यांची एक सवय इथे नडते. तीन पत्तीत क्रम हा कलरपेक्षा मोठा. पोकरमध्ये मात्र फ्लश हा स्ट्रेटपेक्षा मोठा. याचे कारण मोजणीत आहे. तीन पानांच्या हातांत साधे क्रम ७२० आणि कलर १,०९६ असतात, म्हणून क्रम दुर्मीळ. पाच पानांच्या हातांत हे उलटते : फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. पाच पानांत जे दुर्मीळ, ते मोठे.

४. लो हात

लो हातासाठी तीन अटी आहेत :
१) पाचही पाने वेगवेगळ्या किमतीची असावीत, जोडी चालत नाही.
२) पाचही पाने अठ्ठी किंवा तिच्याखालची असावीत. एक्का इथे सर्वांत लहान, म्हणजे १ धरतात.
३) पाने एकाच रंगाची किंवा क्रमाने असली तरी लो बिघडत नाही.

या अटी कोणाच्याच हातात पूर्ण झाल्या नाहीत, तर लोचा वाटा रद्द होतो आणि हाय जिंकणाऱ्याला सगळा पॉट मिळतो. खेळाच्या नावातल्या 'एट ऑर बेटर'चा अर्थ हाच.

दोन लो हातांची तुलना करताना विद्यार्थी हमखास गोंधळतात. सोपी युक्ती अशी : पाच पाने मोठ्यापासून लहानाकडे मांडा आणि ती पाच अंकी संख्या म्हणून वाचा. लहान संख्या जिंकते. अठ्ठी, पंजी, चव्वी, दुर्री, एक्का म्हणजे ८५४२१. अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी, तिर्री म्हणजे ८७६५३. पहिली संख्या लहान, म्हणून पहिला हात सरस. सर्वांत चांगला लो ५४३२१ आणि सर्वांत कमकुवत पात्र लो ८७६५४. आठ किमतींतून पाच निवडायच्या असल्याने लोचे एकूण प्रकार फक्त ५६ आहेत.

महत्त्वाची गोष्ट अशी की हाय आणि लोसाठी सातातली वेगवेगळी पाच पाने निवडता येतात आणि तीच पाने दोन्हीकडे वापरताही येतात. ५४३२१ हा सर्वोत्तम लो तर आहेच, शिवाय तो हायसाठी स्ट्रेट आहे. एक्का हायमध्ये सर्वांत मोठे आणि लोमध्ये सर्वांत लहान पान असतो. म्हणूनच या खेळात एक्क्याइतके मोलाचे दुसरे पान नाही. याउलट नव्वी सर्वांत निरुपयोगी : लोमध्ये बसत नाही आणि हायमध्येही फारसे बळ देत नाही.

५. डाव कसा चालतो

आपण अँटी १, ब्रिंग-इन २, लहान पैज ४ आणि मोठी पैज ८ चिंचोके असे दर धरू. पैजेची रक्कम ठरलेली असते. मनाला येईल तेवढी लावता येत नाही.

तिसरे पान : अँटी टाकल्यावर प्रत्येकाला दोन पाने झाकून आणि एक उघडे मिळते. ज्याचे उघडे पान सर्वांत लहान, त्याला सक्तीने २ चिंचोके घालावे लागतात. यालाच ब्रिंग-इन म्हणतात. या कामापुरता एक्का मोठाच धरतात. दोघांचे पान सारखे असेल तर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक या चढत्या क्रमाने लहान रंग ठरतो. मग डावीकडून एकेकाची पाळी येते. प्रत्येकाने २ कॉल करावेत, पैज पूर्ण ४ करावी किंवा पॅक करावे. पैज ४ झाली की पुढे ४-४ ने वाढवता येते. एका फेरीत किती वाढी चालतील हे आधी ठरवतात. सहसा तीन किंवा चार.

चौथे पान : प्रत्येकाला एक उघडे पान. आता ज्याची उघडी पाने सर्वांत मोठी, तो पहिला बोलतो. पैज ४. नुसत्या स्टडमध्ये उघडी जोडी दिसली तर या फेरीत मोठी पैज लावायची मुभा असते; हाय-लोमध्ये सहसा ती नसते.

पाचवे आणि सहावे पान : दोन्ही उघडी. इथून पैज दुप्पट, म्हणजे ८.

सातवे पान : झाकलेले. शेवटची पैज, ८.

चौथ्या पानापासून प्रत्येक वाटपाआधी वरचे एक पान उपडे बाजूला ठेवतात. आठही जण शेवटपर्यंत राहिले तर ५६ पाने लागतील आणि कॅटमध्ये ५२ च आहेत. अशा वेळी सातवे पान एकच, मधोमध उघडे मांडतात आणि ते सर्वांचे धरतात. प्रत्यक्षात ही वेळ क्वचितच येते.

शेवटी उरलेले खेळाडू पाने उघडतात. कोणी तोंडाने काय सांगितले याला किंमत नाही, पानेच बोलतात. पॉटचे दोन सारखे भाग करतात. एक चिंचोका जादा उरला तर तो हायकडे जातो. लोमध्ये बरोबरी झाली तर लोचाच अर्धा भाग बरोबरीवाल्यांत वाटला जातो. हायचा भाग तसाच राहतो.

६. अर्ध्या पॉटचे गणित

समजा प्रत्येक खेळाडूने डावात ४० चिंचोके घातले. शेवटी हाती येणाऱ्या रकमेतून स्वतःचे ४० वजा केले, तर निव्वळ नफा असा येतो :

• दोन खेळाडू, पॉट ८० : स्कूप +४०, अर्धा पॉट ०, पाव पॉट −२०.
• तीन खेळाडू, पॉट १२० : स्कूप +८०, अर्धा पॉट +२०, पाव पॉट −१०.
• चार खेळाडू, पॉट १६० : स्कूप +१२०, अर्धा पॉट +४०, पाव पॉट ०.

दोघांच्या डावात अर्धा पॉट जिंकणे म्हणजे आपलेच पैसे आपल्याला परत. तिघांच्या डावात स्कूपचा नफा अर्ध्या पॉटच्या चौपट आहे, दुप्पट नव्हे. आणि लोमध्ये बरोबरी होऊन पाव पॉट मिळाला तर 'जिंकूनही' १० चिंचोके कमी होतात. कारण उघड आहे : अर्ध्या पॉटमध्येही आपण घातलेले ४० दडलेले असतात, ते वजा केल्यावरच नफा दिसतो.

हरल्यावर मात्र पूर्ण ४० जातात. म्हणजे तिघांच्या डावात जो केवळ अर्ध्यासाठी खेळतो, तो २० मिळवण्यासाठी ४० पणाला लावतो. असा खेळाडू तीनपैकी दोन वेळा अर्धा जिंकला तरच बरोबरीत राहतो. जो स्कूपसाठी खेळतो, तो ४० लावून ८० मिळवू पाहतो. त्याला तीनपैकी एकदा जिंकणे पुरते. या खेळातला प्रत्येक निर्णय या दोन वाक्यांतून निघतो.

७. सुरुवातीची तीन पाने

आता लो होण्याची संभाव्यता मोजू. ५२ पानांतून ७ पाने निवडण्याचे १३,३७,८४,५६० प्रकार आहेत. त्यांपैकी २,४५,३०,९४४ प्रकारांत पात्र लो सापडतो. म्हणजे डोळे मिटून सात पाने घेतली तर लो सुमारे १८ टक्के वेळा होतो. पण आपण डोळे मिटून घेत नाही; तीन पाने पाहून ठरवतो. ती पाने कशी आहेत यावर पुढचे आकडे अवलंबून आहेत :

• तिन्ही पाने लहान आणि वेगवेगळी : सुमारे ४८ टक्के.
• दोन लहान, एक मोठे : सुमारे २० टक्के.
• एक लहान, दोन मोठी : सुमारे ४ टक्के.
• तिन्ही मोठी : शून्य. पुढची चारही पाने लहान आली तरी पाच होत नाहीत.

पहिला आकडा कसा काढला ते पाहू. हातात तीन वेगळ्या लहान किमती आहेत. उरलेल्या पाच किमतींची २० पाने उपयोगाची, बाकी २९ निरुपयोगी. ४९ पानांतून ४ पाने निवडण्याचे २,११,८७६ प्रकार. एकही नवी किंमत न येण्याचे प्रकार २९ पानांतून ४, म्हणजे २३,७५१. नेमकी एकच नवी किंमत येण्याचे प्रकार : ती किंमत आणि निरुपयोगी पाने मिळून ३३ पानांतून ४ म्हणजे ४०,९२०, त्यातून २३,७५१ वजा, म्हणजे १७,१६९, पाच किमतींसाठी पाचपट, म्हणजे ८५,८४५. ही दोन्ही अपयशे मिळून १,०९,५९६. उरलेले १,०२,२८० प्रकार यशाचे. भागाकार ०.४८३.

एका पानाने ४८ चे २० होतात, हे लक्षात ठेवा. 'दुर्री, तिर्री आणि राजा' ही पाने घेऊन लोच्या आशेने बसणे पाचात एकदाच फळते, आणि तेही अर्ध्या पॉटसाठी.

चौथे पान आल्यावर हेच चित्र पुन्हा दुभंगते. तीन लहानांवर चौथे नवे लहान पान आले तर लो होण्याची शक्यता ७१ टक्क्यांवर जाते; मोठे पान आले किंवा जोडी झाली तर ३२ टक्क्यांवर घसरते. म्हणून अनुभवी खेळाडू पैज दुप्पट होण्याआधी, चौथ्या पानावरच, वाईट पान आले की बहुधा पॅक करतात.

यावरून सुरुवातीच्या हातांची प्रतवारी अशी लावता येते :
• उत्तम : तीन सारखी पाने, एक्का आणि दोन लहान पाने एकाच रंगाची, चव्वी-पंजी-छक्की यांसारखी लागून असलेली लहान पाने, एक्क्यांची जोडी आणि एक लहान पान. यांतल्या लहान पानांच्या हातांना लोच्या वाटेने जाताना फ्लश किंवा स्ट्रेटचीही वाट खुली असते.
• परिस्थितीनुसार : राजा-राजा किंवा राणी-राणी. समोर एक्का उघडा नसेल आणि लहान पानांचे गिऱ्हाईक एखाददुसरेच असेल तर खेळावे.
• पॅक : नव्वी-दश्शी-गुलाम, मधल्या जोड्या, दोन लहान आणि एक मोठे; तसेच अठ्ठी-सत्ती-दुर्री यांसारखी वेगवेगळ्या रंगांची पाने. या शेवटच्या हाताचा लो झालाच तरी तो आठाचा, म्हणजे हरण्यालायक, आणि हायची आशा जवळजवळ नाही.

८. उघडी पाने वाचणे

स्टडमध्ये समोरच्याची चार पाने दिसतात. ही फुकट मिळालेली माहिती आहे. ती वाया घालवू नये. तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली : मला हवी असलेली पाने इतरांकडे गेली का? पॅक करणाऱ्यांची उघडी पाने गोळा होतात, म्हणून ती आधीच लक्षात ठेवावी लागतात.

दुसरी : समोरच्याचा लो होऊच शकतो का? पाचव्या पानापर्यंत ज्याच्या उघड्या पानांत एक जरी मोठे पान असेल, त्याचा लो त्या क्षणी झालेला नसतो. सातव्या पानानंतर ज्याच्या चार उघड्या पानांत तीन मोठी असतील, त्याचा लो होणे अशक्य.

तिसरी : मी ज्या बाजूला चाललो आहे, त्या बाजूला किती जण आहेत? तिघे लोकडे आणि एकटा हायकडे असेल, तर हायवाल्याचा अर्धा वाटा जवळजवळ पक्का आणि त्यात पैसे तिघांचे. दोघांच्या डावात मात्र नुसत्या मोठ्या जोडीपुढे लहान पानांचा खेळाडू वरचढ असतो : त्याला अचानक स्ट्रेट लागून स्कूप मिळू शकतो, जोडीवाल्याला लो मिळत नाही.

९. सोडवलेला डाव

अ, ब, क, ड असे चार खेळाडू त्याच क्रमाने बसले आहेत. अँटीचे ४ चिंचोके पॉटमध्ये.

तिसरे पान.
अ : झाकलेली चौकट चव्वी, चौकट पंजी, उघडा चौकट एक्का.
ब : झाकलेली बदाम राजा, किलवर नव्वी, उघडा इस्पिक राजा.
क : झाकलेली बदाम सत्ती, इस्पिक छक्की, उघडी बदाम तिर्री.
ड : झाकलेली चौकट राणी, बदाम नव्वी, उघडी किलवर दुर्री.

दुर्री सर्वांत लहान, म्हणून ड ने ब्रिंग-इनचे २ घातले. अ ने पैज ४ केली. ब आणि क ने कॉल केले, ड ने पॅक केले. पॉट १८.

चौथे पान. अ ला चौकट अठ्ठी, ब ला किलवर दश्शी, क ला किलवर गुलाम. अ कडे आता चार लहान पाने आणि चारही चौकट. एक्का दिसत असल्याने तो पहिला बोलतो : ४. ब कॉल.

क ची पाळी. त्याच्याकडे तिर्री, छक्की, सत्ती आणि गुलाम. कोरा आकडा ३२ टक्के; पण त्याला हव्या असलेल्या पानांपैकी एक एक्का, एक दुर्री आणि एक अठ्ठी टेबलावर दिसून गेली आहेत. ती वजा करून मोजले तर शक्यता ३० टक्क्यांच्या आत येते. शिवाय समोर एक्का-अठ्ठी उघडी, म्हणजे त्याचा लो झालाच तरी तो अ च्या लोपेक्षा कमकुवत असण्याची भीती. हायसाठी काहीच नाही. इथे पॅक करणे योग्य. आतापर्यंत फक्त ५ चिंचोके गेले आहेत. क कॉल करतो. पॉट ३०.

पाचवे पान. अ ला किलवर राजा, ब ला इस्पिक नव्वी, क ला इस्पिक पंजी. ब च्या दोन जोड्या झाल्या. अ चेक. ब विचार करतो : अ च्या पुढ्यात राजा आहे, क च्या पुढ्यात गुलाम, म्हणजे या क्षणी दोघांपैकी कोणाचाही लो झालेला नाही. लो शोधणाऱ्यांकडून दाम वसूल करण्याची हीच वेळ. ब पैज ८. क चार लहान पाने पाहून मोहात पडतो, कॉल. अ कॉल. पॉट ५४.

सहावे पान. अ ला बदाम दुर्री, ब ला चौकट गुलाम, क ला किलवर अठ्ठी. अ चा लो झाला : ८५४२१. क चाही झाला : ८७६५३. अ समोरची पाने वाचतो. क च्या उघड्या पानांत तिर्री, पंजी, अठ्ठी आणि गुलाम आहेत. या क्षणी क ला आपल्याहून चांगला लो हवा असेल तर त्याच्या झाकलेल्या पानांत नेमके एक्का आणि दुर्रीच असायला हवेत. त्यातही एक एक्का आणि एक दुर्री अ च्याच हातात, आणखी एक दुर्री ड कडून गेलेली. लो जवळपास आपला, आणि चौकटचा फ्लश अजून शक्य. अ पैज ८, दोघे कॉल. पॉट ७८.

सातवे पान. अ ला चौकट सत्ती, ब ला किलवर तिर्री, क ला इस्पिक राणी. अ ची पैज ८. ब आणि क कॉल. पॉट १०२.

निकाल. अ चा हाय : चौकटचा फ्लश, लो : ७५४२१. ब : राजा आणि नव्वीच्या दोन जोड्या. क : लो ८७६५३. अ ने दोन्ही बाजू जिंकल्या. त्याचे स्वतःचे ३३ घातलेले, हाती १०२, नफा ६९.

आता सातवे पान चौकट सत्तीऐवजी इस्पिक दश्शी आले असते तर? हाय ब कडे गेला असता आणि लो अ कडे. अ ला ५१ मिळून नफा १८. एका पानाने ६९ चे १८ झाले असते. पण क चे काय? दोन्ही निकालांत त्याचे ३३ जातात. चौथ्या पानावर पॅक केले असते तर ५ गेले असते. लो 'झाला' म्हणून तो खूश होता. पण लो होणे आणि लो जिंकणे यांतला फरक त्याला २८ चिंचोक्यांना पडला.

१०. सराव आणि कायदा

हा खेळ शिकण्यासाठी पैशांची गरज नाही. गणित चिंचोक्यांतही तेच राहते आणि चूक स्वस्तात कळते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, असा भेद त्या बंदीत नाही. प्रत्यक्ष टेबलावरच्या जुगाराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत : गोव्यात परवानाधारक कॅसिनो चालतात, महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. वसतिगृहाच्या खोलीत पैसे लावून खेळणे हा अभ्यास नव्हे, हेही इथेच नोंदवायला हवे.

सारांश

• सात पानांतून पाचाचा हाय आणि पाचाचा लो. लोसाठी अठ्ठी किंवा तिच्याखालची पाच वेगळी पाने हवीत, नाहीतर सगळा पॉट हायला.
• अर्ध्या पॉटचा नफा स्कूपच्या निम्म्याहून बराच कमी असतो. दोघांच्या डावात तो शून्य असतो.
• तीन लहान पानांवर लो ४८ टक्के, दोनांवर २० टक्के.
• चौथ्या पानावर वाईट पान आले की थांबण्याची सर्वांत स्वस्त जागा तीच.
• दोन्ही बाजूंना जाऊ शकणारी पाने खेळावीत.

स्वाध्याय

१) एक्का, दुर्री, तिर्री, तिर्री, सत्ती, अठ्ठी, राजा (रंग मिश्र, फ्लश नाही). हाय आणि लो सांगा.
२) एकाचा लो अठ्ठी, तिर्री, दुर्री, एक्का आणि सत्ती, दुसऱ्याचा सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, तिर्री. लो कोण जिंकेल?
३) चार खेळाडूंनी प्रत्येकी ३० घातले. स्कूप, अर्धा आणि पाव पॉट यांचा निव्वळ नफा काढा.
४) सहा पानांनंतर तुमच्याकडे चार लहान किमती आहेत. इतरांची १० पाने दिसली असून त्यांपैकी ६ तुम्हाला उपयोगाची होती. शेवटच्या पानावर लो होण्याची संभाव्यता किती?

उत्तरे

१) हाय : तिर्रीची जोडी, सोबत एक्का, राजा, अठ्ठी. लो : ८७३२१.
२) दुसरा. ७६५४३ ही संख्या ८७३२१ पेक्षा लहान आहे. शिवाय त्याचा स्ट्रेटही झाला आहे.
३) स्कूप +९०, अर्धा +३०, पाव ०.
४) उपयोगाच्या १६ पानांपैकी १० उरली; न दिसलेली पाने ५२ − ६ − १० = ३६. संभाव्यता १०/३६, सुमारे २८ टक्के. इतरांची पाने लक्षात न घेता मोजले असते तर १६/४६, म्हणजे सुमारे ३५ टक्के आले असते.